चाकामागचा दगड

भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, आजही नाही. इंदूरच्या एका शाळेत मी आयुष्यभर भौतिकशास्त्र शिकवलं. उतारावरची गाडी का घसरते आणि चाकामागे दगड ठेवला की का थांबते, हे फळ्यावर काढून दाखवणारा माणूस मी. तेव्हा पुढचं वाचून कुणी हसलं तर हसू दे... पण यातली एक गोष्ट अजिबात अमानवीय नाही, ती माझी आहे. तीही इथेच सांगून टाकतो.

माझा मित्र अरविंद रेल्वेच्या ऑफिसात होता. त्याला नावेचं वेड. फायबरची एक जुनी नाव त्याने घेतली, वेल्डिंगवाल्याकडून ट्रेलर बनवून घेतला, आणि रविवारी तो जीपला जोडून आम्ही राऊच्या पलीकडच्या तलावावर जायचो. पलासियाच्या सिग्नलवर लोक इंदुरी थाटात विचारायचे, "भिया, समंदर किधर है?" अरविंद शांतपणे सांगायचा, "बस, आगे से लेफ्ट."

नाव परत ट्रेलरवर चढवायची आमची ठरलेली पद्धत होती. काँक्रीटच्या उतारावरून जीप मागे घेत ट्रेलर पाण्यात न्यायचा. जीपचा हँडब्रेक भरवशाचा नव्हता, म्हणून अरविंद तिच्या मागच्या चाकाला दगड लावायचा. मग मी ट्रेलरच्या तोंडाशी बसवलेला विंच फिरवून दोर ओढायचो आणि तो गुडघाभर पाण्यात उभा राहून मागून नाव ढकलायचा. दगड म्हणजे त्याच्या आईच्या फुटलेल्या पाट्याचा तुकडा – मसाला वाटायच्या पाट्यावर पाथरवट पाडतात ते टाकीचे ठोके त्यावर स्पष्ट दिसायचे. मी जीपमध्ये बसून गिअर टाकेपर्यंत दगड काढायचा नाही, हा नियम.

त्या रविवारी मला राजवाड्याजवळ एका साखरपुड्याला पोचायचं होतं. नाव चढल्यासारखी वाटली आणि जीपमध्ये बसण्याआधीच मी दगड काढून हातात घेतला. जीप मागे सरकली. ट्रेलर अरविंदच्या गुडघ्यावर गेला. त्याची किंकाळी ऐकली आणि मी पहिलं काय केलं, तर दगड पाण्यात फेकला. घाबरून फेकला असं बरीच वर्षं मी स्वतःला सांगत आलो. लपवायला फेकला होता.

दवाखान्यात त्याने विचारलं, "वसंता, मी दगड लावला होता ना रे?"

"नाही रे," मी म्हणालो. "विसरलास."

त्याने ते मानलं. पाय कायमचा अधू झाला, नाव तलावावरच बांधलेली राहिली, आणि त्याचा विसरभोळेपणा घरात चेष्टेचा विषय झाला. कुठे बाहेर निघालं की वहिनी म्हणायच्या, "अहो, कुलूप लावलंत ना? की दगडासारखंच?" अरविंद हसायचा... आणि लंगडत मागे जाऊन कुलूप ओढून बघायचा. मी तिथेच उभा असायचो.

गेल्या वर्षी तो गेला. या उन्हाळ्यात त्याची मुलगी अनघा म्हणाली, "काका, बाबांची नाव घरी आणू या. तिथे उन्हापावसात खराब होईल नाहीतर." सकाळी आम्ही दोघंच गेलो. तिची जीप, आमचा जुना ट्रेलर. चाकाला लावायला दगड मी नेला नाही, बरोबर घ्यायला हवा असं तिला सांगितलंही नाही. तो शब्दच माझ्या तोंडून निघत नाही.

अनघाने जीप मागे घेतली, हँडब्रेक ओढला आणि खाली उतरून विंचपाशी आली.

"काका, तुम्ही पाण्यात नका जाऊ. बुढापे में हिरोगिरी कशाला?"

"तू फिरव गं. ढकलायला कुणीतरी हवंच ना."

म्हणजे मी नेमका अरविंदच्या जागी उभा होतो. नाव अर्धी चढली असेल, तोच जीप हलली. ट्रेलर माझ्याकडे यायला लागला. पाय गाळात रुतलेले, मागे सरता येईना. अनघा ओरडली... आणि एक धक्का बसून सगळं जागच्या जागी थांबलं.

कसाबसा वर आलो. जीपच्या मागच्या चाकाला दगड लागला होता. टाकीचे ठोके असलेला. त्याच्यावरून पाणी ओघळत होतं, आणि आजूबाजूचं काँक्रीट कोरडं ठणठणीत.

अनघाने माझे दोन्ही हात धरले. "तुम्ही दगड लावलात म्हणून वाचलात, काका. बाबा असते तर विसरले असते."

मी तेव्हाही गप्प राहिलो.

नंतर पुष्कळ डोकं चालवलं. तलाव आटला होता, दगड उघडा पडला असेल. कुणी उचलून उतारावर ठेवला असेल. पण थोड्याच वेळापूर्वी ट्रेलरचं चाक तिथूनच मागे गेलं होतं, दगड असता तर तेव्हाच अडलं असतं. आणि तो ओला कसा? चौकीदार लांब झाडाखाली बसला होता. "इधर तो कोई आया ही नहीं, बाबूजी," तो म्हणाला.

हे छापायला देण्याआधी मी अनघाला सगळं वाचून दाखवलं. ती एवढंच म्हणाली, "आजारपणातसुद्धा बाबा रात्री उठून गॅस बंद आहे का बघायचे, काका."

त्यानंतर तिचा फोन नाही. दगड तिने स्वतःकडे ठेवला आहे.

त्या रविवारी दगड अरविंदने लावला होता, हे मी सर्वांसमोर लिहून देतो. या वेळी कुणी लावला, ते मला खरंच माहीत नाही.