दोष ड्रायव्हरचा

माझे वडील बावीस वर्षं एका कंपनीची स्टाफ बस चालवत होते. सकाळच्या शिफ्टची माणसं संत तुकाराम नगरमधून उचलायची, भोसरीत उरलेली घ्यायची आणि नाशिक रस्त्याने चाकणला वेळेत पोचवायची. शेवटच्या वर्षी बस कंपनीच्या गेटच्या खांबाला घासली. कुणाला खरचटलंही नाही. वडील म्हणाले, ब्रेक उशिरा लागतोय, आठवडाभर मी रजिस्टरमध्ये लिहितोय. साहेबांनी रजिस्टर उघडलं नाही. वडिलांना डोळे तपासायला पाठवलं. साखर होतीच, त्यामुळे डोळ्यांत थोडा दोष निघाला. त्यांना बसवरून उतरवून स्टोअरमध्ये खुर्ची दिली. चार महिन्यांनी त्यांनी राजीनामा दिला.

घरी ते नुसते बसून राहायचे. टीव्ही लावायचे आणि पाहायचे नाहीत. मी चाकणच्याच एका कारखान्यात कंत्राटावर कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम करतो. घरासाठी एक कॉम्प्युटर जोडायचा होताच. ग्राफिक्स कार्ड पिंपरी कॅम्पातल्या दुकानातून सेकंडहँड घेतलं. रॅमच्या, म्हणजे मेमरीच्या, दोन पट्ट्या लागणार होत्या. एक नवी घेतली, दुसरी ऑफिसात भंगारात काढलेल्या मशीनमधून आणली. मग त्यावर बस चालवायचा एक गेम टाकला आणि टेबलाला खेळण्यातलं वाटावं असं स्टिअरिंग बसवलं, खाली पायाला ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर.

पहिले दोन दिवस वडील लाजले. तिसऱ्या दिवशी सकाळी मी पाहिलं तर ते आंघोळ करून, शर्ट-पँट घालून, चपला बाजूला काढून बसले होते. गाव कुठलं परदेशातलं, रस्त्याच्या उजव्या बाजूने गाड्या चाललेल्या. आधी चुकले, मग दोन दिवसांत हात बसला. स्टॉपवर बस लावली की मागे वळून पाहायचे. एकदा आई भाजी निवडता निवडता म्हणाली, "अहो, तो म्हातारा पळत येतोय, थांबा की." आणि ते थांबले. गेममधला म्हातारा चढला. वडील हसले. कितीतरी महिन्यांनी हसले.

आठवड्याभराने गेम मध्येच बंद पडायला लागला. चित्र गोठायचं, आवाज अडकल्यासारखा एकाच ठिकाणी घुमायचा आणि सगळं जाऊन नुसता डेस्कटॉप उरायचा. कधी अख्खा कॉम्प्युटरच निळा पडून परत चालू व्हायचा.

"तुम्ही काय दाबलं?" मी विचारलं.

"काही नाही रे दाबलं. शहरात शिरलो की बंद पडतं."

मी ऐकून घेतलं, पण मनावर घेतलं नाही. आम्ही दिवसभर हेच ऐकतो. प्रिंटर बिघडलेला माणूस, पासवर्ड विसरलेला माणूस, कीबोर्डवर चहा सांडलेला माणूस, सगळे म्हणतात मी काही केलं नाही. आम्ही कॅन्टीनमध्ये त्यावर हसतो.

स्क्रीनवर संदेश यायचा की डिस्प्ले ड्रायव्हर प्रतिसाद देत नाही. म्हणजे ग्राफिक्स कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर अडलं. मी ते पूर्ण पुसून नव्याने टाकलं. दोन दिवस ठीक चाललं. परत बंद. मग जुनं व्हर्जन टाकलं, चित्राचा दर्जा कमी केला, कार्डवरची धूळ ब्रशने काढली. तरी बंद. वडील दर वेळी माझ्या मागे उभे राहून पाहायचे.

"काय झालंय त्याला?"

"ड्रायव्हर खराब आहे," मी म्हणालो. स्क्रीनवरून नजरही काढली नाही.

ते मागे फिरले. आत जाऊन पाणी प्यायले. आपण काय बोललो ते मला तेव्हा कळलं नाही.

त्यांनी एक वही केली होती. कुठला मार्ग, बस किती मिनिटं चालली, कुठे बंद पडली. मला दाखवायला आणली. "नंतर बघतो," म्हणून मी ती टीव्हीवर ठेवली. मला वाटलं, निवृत्त माणसाचा उद्योग आहे.

एका रविवारी सकाळी त्यांचे जुने जोडीदार आले. तेही बसवर ड्रायव्हर, भोसरीच्या जुन्या गावातले. वडिलांनी त्यांना हौसेने शेजारी बसवलं आणि बस काढली. पूल ओलांडून शहरात शिरले, आणि स्क्रीन निळी.

जोडीदार म्हणाले, "आरं, बंद पडली व्हय?"

वडिलांनी माझ्याकडे पाहिलं. "बघ, मी काहीच केलं नाही."

मी बाहेर जायच्या घाईत होतो, पायात बूट अर्धा. म्हणालो, "अण्णा, मशीनमध्ये काही नाही. मी दहा वेळा तपासलंय. तुम्हाला नीट दिसत नाही, कुठेतरी भलतंच बटण दाबता आणि म्हणता मी काही केलं नाही."

जोडीदारांनी चहाचा कप खाली ठेवला. "डोळं ठीक हायेत त्याचं," ते हळू म्हणाले. वडील उठले. कॉम्प्युटर त्यांनी मी शिकवलं होतं तसा, क्रमाने, नीट बंद केला. त्यानंतर ते त्या खुर्चीवर बसले नाहीत.

मला हायसं वाटलं, हे खरं आहे. रोजची कटकट गेली.

तीन आठवड्यांनी मी घरून काम करत होतो. साहेबांना दाखवायची मोठी फाइल उघडलेली, मीटिंग चालू, मी बोलतोय, आणि स्क्रीन निळी पडली. गेम नव्हता, स्टिअरिंग नव्हतं, खुर्चीत मी होतो. परत चालू केलं, परत पडली. साहेब फोनवर म्हणाले, "अरे, तू काय केलंस?"

त्या दुपारी मी मेमरीची चाचणी लावली. ती पहिल्याच दिवशी लावायला हवी होती. आमच्या कामातली ती अगदी साधी गोष्ट आहे, पण खरी चाचणी काही तास घेते आणि वडिलांसाठी ते तास मी काढले नव्हते. पाऊण तासात लाल ओळी दिसायला लागल्या. एक पट्टी काढली, दुसरी ठेवली. मग उलट केलं. खराब होती ती मी भंगारातून आणलेली. थोडं काम असेल तर तिचा नादुरुस्त भाग वापरात यायचा नाही. मेमरी भरत आली की यायचा, आणि बिचाऱ्या ग्राफिक्स ड्रायव्हरवर आळ यायचा.

टीव्हीवरची वही काढून वाचली. सरळ अक्षरात, एकाखाली एक. पंचेचाळीस मिनिटं, शहरात शिरताना. चाळीस मिनिटं, पुलानंतर. पन्नास मिनिटं, मोठ्या चौकात. गेम जिथे सगळ्यात जास्त मेमरी घेतो, नेमकं तिथेच. कारखान्यात मला कुणी इतकी नीट नोंद आणून दिली असती तर दहा मिनिटांत मला मेमरीचा संशय आला असता.

वडील गॅलरीत पेपर वाचत होते. मी जाऊन उभा राहिलो.

"अण्णा, रॅम खराब होती. मी आणलेलीच. तुमची काही चूक नव्हती."

"बरं."

"नवी टाकतो आजच. मग चालेल नीट."

त्यांनी पेपरची घडी केली. "मी कंपनी सोडल्यावर महिन्याभरात त्यांनी त्या बसचे ब्रेक बदलले. जोडीदार सांगत होता. मला सांगायला कुणी आलं नाही. तू निदान आलास."

मी म्हणालो, "चुकलं माझं."

"असू दे," ते म्हणाले आणि पेपर पुन्हा उघडला.

रॅम बदलल्यापासून मशीन एकदाही अडलेलं नाही. मी त्यांना दोनदा बोलावलं. एकदा म्हणाले मान दुखते, एकदा म्हणाले आता नको. दुसऱ्या वेळी त्यांच्या चेहऱ्यावरून मला कळलं, की मला वाईट वाटू नये म्हणून ते कारणं शोधतायत, आणि त्यांना त्याचा कंटाळा आलाय. मग मी विचारणं सोडलं. स्टिअरिंग काढून माळ्यावर ठेवलं तेव्हा टेबलाच्या कडेला त्याच्या पकडीचे दोन दाबले गेलेले ठसे दिसले. माझी बायको आता त्या टेबलावर ऑनलाइन क्लास घेते. तिला त्यांच्या कडा हाताला बोचतात, म्हणून तिने तिथे जाड कापड घातलंय.