शनिवारचे डॉक्टर

अमेरिकेतल्या श्रूजबरीत तेव्हा मराठी घरं मोजकीच, आणि निम्म्या घरांत डॉक्टर. शनिवारी घरटी एकेक पदार्थ घेऊन पॉटलकला जमलो की शेजारच्या काकांच्या कंबरेवर सगळे तुटून पडायचे. काका बँकेतून रिटायर होऊन मुलाकडे राहायला आलेले. हार्टवाला म्हणायचा, थंडी बाधली. भूल देणारा म्हणायचा, गादी बदला. कुणी खिशातून दुखण्याच्या गोळ्यांची सॅम्पलं काढून द्यायचं. मी हॉस्पिटलच्या लॅबमधली, मग मी कशी गप्प बसणार? "शाकाहारी माणूस, त्यात ऊन नाही. कॅल्शियम कमी पडलंय," असं ठासून सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी गोळ्यांची बाटली काकूंच्या हातात दिली. रक्त तपासावं हे एवढ्या शहाण्यांत कुणालाच सुचलं नाही. मलाही नाही, आणि माझं तर पोटच त्यावर.

काका सुकत चालले. सारखी तहान, पोट साफ नाही, बोलताबोलता डोळा लागायचा. शेवटी मुलगा त्यांना एका अमेरिकन डॉक्टरकडे घेऊन गेला, आणि काकांच्या रक्ताची ट्यूब माझ्याच टेबलावर आली.

काचेवर लाल पेशी भाकऱ्यांच्या चवडीसारख्या एकीवर एक चिकटलेल्या. रक्तातलं प्रोटीन भलतंच वाढलेलं, आणि प्रोटीनच्या तपासणीच्या आलेखात एकच उंच, निमुळता सुळका. मायलोमा. हाडांच्या आतल्या मगजाचा कॅन्सर. पक्कं करायला तो मगज काढून बघावा लागतो, पण मला कळायचं ते कळलं. हा आजार हाडं पोखरतो आणि त्यांतलं कॅल्शियम रक्तात उतरतं. मग कॅल्शियमचा आकडा बघितला. ते कमी नव्हतंच मुळी. किडनी निकामी होईल इतकं चढलं होतं, आणि मी वर गोळ्या दिल्या होत्या.

डॉक्टरला फोन केला. सकाळीच ॲडमिट करतो, म्हणाला. लॅबमधलं बाहेर बोलायचं नाही हा नियम, पण काकांच्या रात्रीच्या गोळ्या अजून घ्यायच्या होत्या, आणि दुखण्याच्या गोळ्याही किडनीला वाईटच. त्या संध्याकाळी काकूंकडे संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. त्यांनी मला कुंकू लावलं, आणि मी हळूच म्हटलं, "काकू, काकांना आज गोळ्या देऊ नका. कॅल्शियमची नको, दुखण्याचीही नको."

"का गं?"

मी बाहेर बसलेल्या बायकांकडे बघितलं. काकूंनी माझ्याकडे नीट बघितलं, करंडा खाली ठेवला आणि मला स्वयंपाकघरात घेऊन गेल्या.

पुढे काकांची किडनी सावरली, औषधांवर काही वर्षं मिळालीही. पण त्या संध्याकाळी मला ते कुठे ठाऊक होतं? मी म्हटलं, "काकू, चुकलं माझं. कॅल्शियम कमी नव्हतंच, भलतंच वाढलंय. गोळ्या द्या म्हणून मीच सांगितलं होतं तुम्हाला."

"तू सांगितलंस गं," काकू म्हणाल्या. "पण हे रोज नको म्हणायचे. मळमळतं म्हणायचे. एवढी शिकलेली मुलगी सांगतेय ते काय उगीच, असं म्हणून मीच रागावून गिळायला लावायचे."