हनुवटीखालचा हात

त्याचा धंदा खाटकाचा, आणि पाठीमागे लोक त्याला म्हणायचे भडका. राग लोकांच्या नाकावर असतो, याच्या मनगटात होता. गिऱ्हाईकाने हाडं जास्त आली म्हणायचा अवकाश, सत्तूर अर्धा ठोकळ्यात रुतायचा. शेजारच्या न्हाव्याचे पुढचे दोन दात यानेच पाडले, आणि दाढीला परत त्याच्याचकडे! गळ्यावरून वस्तरा फिरवताना न्हावी मनात काय म्हणत असेल, देव जाणे.

जनावराशी मात्र तो हळू वागायचा. भेदरलेल्या बोकडाचं मटण चिवट होतं, हे बापाने शिकवलेलं. म्हणून आधी डावा तळवा अलगद हनुवटीखाली जायचा, बोटं गळ्यावर टेकायची, आणि हा पुटपुटायचा, "मान ढिली सोड, राजा." बोकड मान ढिली सोडायचा. मग उजव्या हातातला सुरा. आईविना वाढलेली त्याची लेक शाळा सुटली की दुकानातल्या बाकावर अभ्यासाला बसायची. तिने हे हजारदा पाहिलं होतं.

मोठी झाल्यावर तिने कुठूनसे टॅरोचे, चित्रांवरून भविष्य सांगतात ते पत्ते आणले. रोज सकाळी एक पत्ता समोर ठेवून गप्प बसायची.

"भविष्य बघतेस होय?"

"नाही हो अप्पा. यात जे दिसतं ते दिवसभर आपल्या अंगात शोधायचं. हातातल्या कामात."

एका सकाळी ती अशीच बसलेली असताना चहा उतू गेला. तेवढ्यावरून याने डोक्यात राख घालून घेतली, तिचे केस धरले आणि तोंड टेबलावर आपटलं. एकदा नाही, तीनदा. ओठ फाटला, पत्ते रक्तात विखुरले. त्याच दुपारी ती आत्याकडे निघून गेली. तीन वर्षं झाली, तिने तोंड दाखवलं नाही.

ती गेल्याच्या दुसऱ्या सकाळी पत्ते जाळायला म्हणून त्याने गोळा केले, तर वरच्याच पत्त्यावर एक माणूस, एका पायाने उलटा टांगलेला. हा बघतच राहिला. "अरे, हे तर आपलंच दुकान!" त्याच्या आकड्यांवर रोज तसेच चार बोकड टांगलेले असायचे. पण पत्त्यातल्या माणसाच्या चेहऱ्यावर उजेड होता. त्या दिवशी त्याने प्रत्येक बोकडाच्या तोंडाकडे पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदाच.

मग रोज सकाळी एक पत्ता, ठोकळ्याच्या कडेला टेकवून. एकदा पत्त्यात आली एक बाई, सिंहाच्या जबड्यावर हात ठेवलेली. जोर नाही, भीती नाही. तिचा तो हात त्याच्या ओळखीचा निघाला. त्याचा स्वतःचा डावा हात! दुसऱ्या दिवशी बोकडाच्या हनुवटीखाली तळवा गेला आणि तिथेच थांबला. गरम श्वास, बोटांखाली धडधडणारा गळा. इथे कुणीतरी आहे, असं त्याला वाटलं. बोकडात की आपल्यात, ते कळेना. सुरा त्याने तरीही चालवला, रक्त नेहमीसारखंच मनगटापर्यंत उडालं, पण हात धुताना तो हुंदके देऊन रडला. एवढा हळुवार हात आपल्यापाशी होता, आणि लेकीच्या वाट्याला दुसराच आला.

शेवटी बहिणीचा निरोप आला. "सोमवारी दुकान बंद असतं तेव्हा पोरगी येईल. पत्ते घेईल आणि जाईल. परत यायचं की नाही ते ती ठरवेल. हात उचललास तर बहीणही मेली समज."

सोमवारी दुपारी ती दुकानात आली. ओठावर पांढरा वण.

"पत्ते द्या."

त्याने गठ्ठा ठोकळ्यावर तिच्यापुढे सरकवला, सिंहवाला पत्ता वेगळा काढून शेजारी ठेवला. माफी मागायची होती, पण ती कशी मागतात ते त्याला येत नव्हतं. मग त्याला येत होतं तेच त्याने केलं. डावा तळवा अलगद तिच्या हनुवटीखाली नेला.

तिचे डोळे पांढरे झाले. या दुकानात त्या हातामागून काय येतं, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक? ठोकळ्यावरचा सुरा उचलून तिने त्याच्या त्याच हातावर ओढला, कोपरापासून मनगटापर्यंत. मांस उघडं पडलं. त्याचा उजवा हात सवयीने वर गेला, मूठ वळलेली. ती हलली नाही. सुरा तसाच रोखून म्हणाली, "मारा."

मूठ हवेतच अडली. त्याला स्वतःच्याच गळ्यातली धडधड ऐकू आली, बोकडाची असायची तशीच. मूठ उघडली. तो खाली जमिनीवर बसला, हनुवटी वर केली आणि डोळे मिटले. टपटप रक्त गळत होतं.

बराच वेळ काही झालं नाही. मग हनुवटीखाली एक गार तळवा आला. चार बोटं गळ्यावर टेकली. दुसऱ्या हातात सुरा आहे, हे त्याला न बघता कळत होतं.

"मान ढिली सोडा," ती म्हणाली.

त्याने सोडली.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. सुरा ठोकळ्यावर ठेवल्याचा आवाज आला. तिने ओढणी फाडून त्याचा हात करकचून बांधला, इतका की तो कळवळला. मग गठ्ठा पिशवीत टाकला. सिंहवाला पत्ता ठोकळ्यावरच राहिला होता, त्याने तो पुढे केला.

"राहू द्या," ती दारातून म्हणाली. "पुढच्या सोमवारी येऊन नेईन."