काकाने बंदूक धरली नव्हती, असा कागद

महायुद्ध संपलं, धाकटा काका ब्रह्मदेशातून कुंभकोणमला परतला, आणि तिथल्या आमच्या मराठी ब्राह्मणांनी त्याला आधी शुद्ध करून घ्यायचं ठरवलं. समुद्र ओलांडलेला माणूस, कुणाच्या हातचं काय खाल्लं देव जाणे. कावेरीत बुड्या झाल्या, पंचगव्य झालं, गणवेश खिशातल्या फौजी कागदांसकट नदीत गेला. वर लेखी शपथ: ‘मी पलटणीत फक्त सोवळ्याने स्वयंपाक केला, शस्त्राला शिवलो नाही.’ अक्षर बरं म्हणून ती मी लिहिली. त्याने चार वर्षं बंदूक चालवली हे सगळ्यांना ठाऊक होतं. सही झाली नि काका पंगतीत बसला.

पुढे काही वर्षांनी इन्नंबूरकडची पडीक सरकारी जमीन माजी सैनिकांना मिळणार, असं निघालं. अट एकच, माणूस लढलेला हवा. आचारी, धोबी, न्हावी चालणार नाहीत. सैन्य जसं काही उपाशीच लढतं. काकाजवळ दुसरं काही नव्हतं. पलटणीला पत्रं धाडली, उत्तर आलं नाही. मी तालुका कचेरीत कारकून, कमिटीचं टिपण माझ्याकडे. आणि कमिटीत कोण? शपथ घ्यायला लावणारे आमच्यातलेच वृद्ध वकील.

काकाने धोतर वर करून मांडीतला गोळीचा वण दाखवला. वकिलांनी शांतपणे तो जुना कागद टेबलावर ठेवला.

“गोळी आचाऱ्यालाही लागते. तूच लिहून दिलंयस.”

“तुम्हीच लिहवून घेतलात. अस्क लोकांला, सगळ्या गावाला माहीत आहे,” काका म्हणाला.

“कमिटी कागद बघते.”

काकाने माझ्याकडे पाहिलं. एक वाक्य बोललो असतो तर पुरे होतं. पण माझी नोकरी कायम व्हायची होती, मी दौतीत टाक बुडवत राहिलो. ‘अर्जदार सैनिक नव्हे, आचारी,’ हा ठरावही माझ्याच हातचा. शरम नावाची चीज मला तेव्हा नव्हती.

काकाला साधा भात लावता येत नव्हता. चाळिशी उलटल्यावर तो एका आचाऱ्याच्या हाताखाली शिकला आणि लग्नामुंजींत चुलीपुढे राबू लागला. वकिलांच्या नातवाच्या मुंजीचा स्वयंपाक त्यानेच केला. जेवून म्हाताऱ्याने ढेकर दिली आणि सगळ्या पंगतीला ऐकवलं, “शेवटी फौजेतला हात आहे.”

काका वाढायचं भांडं घेऊन समोरच उभा होता. मी त्याच्याकडून सांबार दोनदा मागून घेतलं.