शनिवारचा एकच पेग

चारकोपच्या सगळ्या सेक्टरांत मिळून व्हिस्की प्यायचा अधिकार फक्त एका माणसाला आहे, आणि तो माझ्या मामाला. हे मी लिहितेय, जिने आईचा हात धरून दारूबंदीची पत्रकं घरोघर वाटली, त्यांच्याच मथळ्यांवर बाराखडी गिरवली, आणि जी आजही विहारात मद्य वर्ज्य करण्याचं पाचवं शील म्हणताना आवाज जरा चढवते. मामा शेजारी बसून तेच शील पुटपुटतो. विचारलं तर म्हणतो, "रविवार ते शुक्रवार कडक पाळतो, भाचीबाई. सातातले सहा दिवस. तुमच्या कॉलेजात एवढ्याला डिस्टिंक्शन देतात."

मामाने आयुष्यभर इथल्याच औद्योगिक वसाहतीत प्रयोगशाळांसाठी काचेची भांडी फुंकली. त्यामुळे तो पेग भरत नाही, मोजतो. शनिवारी साडेपाचला आंघोळ करून, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून तो गॅलरीत खुर्ची टाकतो. समोर खाडीकडच्या तिवरांवर ऊन उतरत असतं. तो मापाची काचनळी डोळ्यासमोर धरतो, एक डोळा मिटतो आणि व्हिस्कीचा खालचा बाक साठच्या रेघेला टेकला की मगच श्वास सोडतो. ग्लास त्याने स्वतः फुंकलेला, बुडाशी फुगीर, तोंडाशी निमुळता, वास पळून जाऊ नये म्हणून. त्यात माठातल्या पाण्याचे ड्रॉपरने सात थेंब. आठवा पडला तर तो ग्लास बाद, म्हणजे शेजारच्या काकांना. शेजारचे काका त्या आठव्या थेंबाची मनोभावे वाट बघतात. एकदा ते हौसेने बर्फाचा ट्रे घेऊन आले. मामाने तो शांतपणे कढीपत्त्याच्या कुंडीत उलटा केला. "बर्फ सुरमईला घालतात. ती मेलेली असते. ही जिवंत आहे." सोडा त्याच्या मते पोट बिघडल्यावर घ्यायचं औषध. सोबत सालं काढलेले फुटाणे, बस. पहिली दहा मिनिटं नुसता वास. तेव्हा बोलायचं नाही, मोबाइल आत ठेवायचा. मग तो डोळे मिटून हळूहळू सांगू लागतो, यात भिजलेल्या लाकडाचा धूर आहे, यात वाळलेलं संत्रं आहे, आणि ग्लासातलं ऊन त्याच्या शर्टावर हलत राहतं. मी पाणी पीत ऐकत बसायची आणि कुठेतरी लांब जाऊन यायची.

आईला यातलं काही गोड वाटत नाही. माझे आजोबा दारूनेच गेले. "आमचा बाप उभ्याने प्यायचा," मामाने मला एकदा सांगितलं. "गुत्त्याच्या फळीला टेकून, मीठ चाटून, घाईघाईत. चव कशी, असं विचारलं असतंस ना, तर सांगता आलं नसतं त्याला." म्हणून मामा बसतो, दिवसाउजेडी बसतो, आणि एकच घेतो. तीस वर्षांत दुसरा नाही. आई आपल्या बापाशी पत्रकं लिहून भांडली, मामा काच फुंकून. हे मला बऱ्याच उशिरा कळलं, आणि कळल्यावर मी त्याला व्याख्यान द्यायचं सोडलं.

गेल्या हिवाळ्यात एका शनिवारी आम्ही असेच बसलो होतो. मामा ग्लासात नाक घालून धुराबद्दल सांगत होता, आणि खरोखरच करपल्याचा वास आला.

"मामा, दूध जळलं!"

मी धावत जाऊन गॅस बंद केला. पातेलं काळंठिक्कर झालं होतं. मामा गॅलरीत तसाच बसलेला.

"वास नाही आला तुला?"

तो तिवरांकडे बघत राहिला. "तीन महिने झाले. तो ताप आला होता ना, तेव्हापासून काहीच येत नाही. हे धूर-संत्रं सगळं आठवणीने सांगतोय."

"मग सोड ना. बरंच झालं की!" माझ्या तोंडून निघून गेलं.

"सुटत नाही, तेच तर. वास होता तोवर एक पुरायचा गं. आता पाण्यासारखी उतरते. मागच्या शनिवारी दुसरा भरला. स्वयंपाकघरात." तो थांबला. "उभ्याने."

मग त्याने ग्लास माझ्यापुढे धरला. "प्यायची नाही. नुसता वास घे, आणि मला सांग."

जन्मात पहिल्यांदा मी तो ग्लास हातात घेतला. "कडू आहे. विषारी. डोकं बधिर करणारा."

"भाषण नको ना, यार. वास सांग."

मी डोळे मिटले. "संत्र्याची साल. उन्हात वाळलेली. मग लोखंडी पेटीच्या तळाशी असतं तसलं थंड काहीतरी. आणि... पेटत्या चुलीवर कुणीतरी पाणी ओततंय."

"कोण ओततंय?"

"मला काय माहीत?"

"तरुण की म्हातारी?"

"म्हातारी."

"आमची आई असेल," मामा म्हणाला आणि त्याने पहिला घोट घेतला. त्या संध्याकाळी बाटली पुन्हा उघडली नाही.

आता मी दर शनिवारी जाते. "नुसता वास ना?" आई दारात विचारते. "नुसता," मी सांगते, आणि ती डब्यात फुटाणे भरून देते. शेजारच्या काकांना यातलं काही ठाऊक नाही. त्यांना आठवा थेंब पूर्वीपेक्षा जास्त वेळा पडतो एवढंच जाणवलंय.

गेल्या शनिवारी ग्लास लवकर संपला. मामाची नजर बाटलीकडे गेली, तिथेच राहिली. मग त्याने रिकामा ग्लास माझ्याकडे दिला. "बघ गं, अजून काही आहे?"

होतं. रिकाम्या ग्लासात वास बराच वेळ थांबतो. "आहे की. गूळ आहे," मी म्हटलं. तो हसला. थोड्या वेळाने त्याने पुन्हा विचारलं, मी पुन्हा वास घेतला, जुन्या लाकडाचा सांगितला. तिवरांवरचं ऊन गेलं, पक्षी बसले, वास पातळ होत गेला आणि माझा आवाजही. दिवे लागले तेव्हा तो पुन्हा म्हणाला, "अजून?" आणि मी, जी तत्त्वाखातर खोटं बोलत नाही, ती काचेत नसलेल्या कुठल्या कुठल्या गोष्टी त्याला सांगत राहिले.