झोपताना आधी गोळी

माझं मराठी शुद्ध आहे या घमेंडीपायी मी एकदा सासूबाईंना दुपारी तीनपर्यंत झोपवलं.

घमेंडीला कारण होतं. जन्म दिल्लीचा असला तरी मी पहाडगंजच्या मराठी शाळेत शिकले. लक्ष्मीबाई नगरातल्या आमच्या सरकारी क्वार्टरच्या ब्लॉकमध्ये कुणाला हळदीकुंकवाचं आमंत्रण मराठीत लिहायचं असलं, की मलाच बोलावतात.

त्या वर्षी सांगलीला माझे सासरे वारले आणि माझ्या नवऱ्याने, मिलिंदने, आईंना इकडे आणलं. आई आल्या, त्यांची ट्रंक आली, झोप तेवढी सांगलीलाच राहिली. सकाळी विचारावं, "आई, लागली का झोप?" तर उत्तर ठरलेलं, "पडून होते." सेहेचाळीस वर्षं त्यांनी बाबांच्या घोरण्याला नावं ठेवली होती. आता सगळं शांत होतं आणि डोळ्याला डोळा लागत नव्हता. महिन्याभरात डोळे खोल गेले, पोळी लाटताना हात थरथरायला लागले. मला बघवत नव्हतं.

समोरच्या डिस्पेन्सरीतले डॉक्टर नाखूश होते. "देखिए, नींद तो आ जाएगी. पर इस उमर में चक्कर आते हैं, लोग गिरते हैं. दिनभर सुस्ती अलग. और आदत पड़ गई तो छूटेगी नहीं. सिर्फ़ एक हफ़्ता, सोते समय आधी गोली."

आईंना हिंदी येत नव्हती. (त्यांच्या मते, मराठीला शेवटी 'है' लावलं की हिंदी होते.) म्हणून मी सुवाच्य अक्षरात चिठ्ठी लिहून डबीला चिकटवली: 'झोपताना आधी गोळी. वर दूध.' ऱ्हस्व-दीर्घ बिनचूक.

दुसऱ्या दिवशी नऊ वाजले तरी आई उठल्या नाहीत. आम्ही खूश. "झोपू दे यार, किती दिवसांनी झोपलीय," मिलिंद म्हणाला. मी कुकरसुद्धा लावला नाही. अकरा वाजता हलवलं, तर "हं" म्हणून त्यांनी कूस बदलली. बारा वाजता पुन्हा हलवलं, तर "हं"सुद्धा नाही. मिलिंद धावत जाऊन डॉक्टरांना घेऊन आला.

"कितनी दी?" त्यांनी नाडी धरत विचारलं.

"आधी."

"पक्का?"

"बिल्कुल. लिखकर दी थी."

त्यांनी आईंना उठवून बसवलं. मिलिंदने कानाशी विचारलं, "आई, किती घेतलीस?"

"एक," आई डोळे मिटूनच म्हणाल्या. "आधी गोळी, वर दूध. हिनं लिहिलंय तसंच."

मिलिंदने चिठ्ठी वाचली आणि माझ्याकडे पाहिलं. "अगं, आधी म्हणजे अगोदर. तुला अर्धी म्हणायचं होतं."

डॉक्टरांचा शब्द कानात होता, तो तसाच कागदावर उतरला होता. शाळेतल्या बाईंनी मला तिथल्या तिथे अंगठे धरून उभं केलं असतं.

"घबराइए मत, उतर जाएगा," डॉक्टर म्हणाले. "पर उठकर गिर जातीं, कूल्हा टूट जाता, तब?" मी रडायलाच लागले.

तीन वाजता आईंनी नीट डोळे उघडले, खोलीभर पाहिलं आणि विचारलं, "हे आले का फिरून?"

मग हळूहळू त्यांचं त्यांनाच आठवलं. ते मी पाहिलं आणि अजून विसरले नाही.

चहा घेताना त्या म्हणाल्या, "सुनीता, ती गोळी नको मला. झोप छान लागते गं. पण उठल्यावर हे गेले, ते पुन्हा पहिल्यापासून कळतं. जागी असले की माहीत तरी असतं."

हे सांगितल्यावर डॉक्टरांनीही मान डोलावली. गोळी बंद, संध्याकाळचा चहा बंद, दुपारचं लवंडणं बंद. उठताना कुठे तोल गेला तर धरायला असावं म्हणून मी त्यांच्या खोलीत गादी टाकली. चौथ्या दिवशी सकाळी सात वाजले तरी आई गाढ झोपेत. मी घाबरून डबी पाहिली. गोळ्या होत्या तेवढ्याच होत्या.

"आई, झोप कशी लागली?"

"तू घोरतेस," आई म्हणाल्या. (मिलिंद बारा वर्षं हेच म्हणतोय आणि मी बारा वर्षं नाकारतेय.) "यांच्याइतकं नाही. अर्धं. पण चालतंय."

पुढच्या खेपेला डॉक्टरांनी विचारलं, "माताजी, अब नींद के लिए क्या ले रही हैं?"

आईंनी माझ्याकडे बोट दाखवलं. "ही है," त्या म्हणाल्या. "आधी."

या वेळी शब्द अगदी बरोबर होता.