देठावरची पिवळी रेघ

पाम ओळखताना आक्का पानाकडे बघतच नसत. रोप हातात आलं की पानाचा देठ दोन बोटांत धरायच्या, अंगठा वरून खाली फिरवायच्या आणि मग देठ उजेडाकडे वळवून त्याचा रंग न्याहाळायच्या. "पानं फसवत्यात, सर. देठ बगा," असं मला सांगायच्या. मी भोरच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत होतो, तरी मला हे कुणी सांगितलेलं नव्हतं.

त्यांची नर्सरी कापूरहोळला, भोरचा रस्ता फुटतो तिथल्या एका गॅरेजमागे होती. माहेर वेल्ह्याच्या डोंगरातलं, शेळ्यामेंढ्या राखणारं. शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. दुसऱ्यांच्या नर्सरीत पंधरा वर्षं मातीच्या पिशव्या भरल्या आणि मग भाड्याच्या जागेत स्वतःची रोपं मांडली. मी गेलो की खुर्ची मला द्यायच्या आणि स्वतः पालथ्या कुंडीवर बसायच्या.

पामचं बी महिनोन्‌महिने मातीत निपचित पडून राहतं. धीर सुटून माणसं ते उकरून बघतात, नाहीतर वाफा मोडून टाकतात. आक्का मात्र रोज पाणी शिंपडून गप्प राहायच्या. "आपल्याला घाई हाय, त्याला न्हाई," एवढंच म्हणायच्या.

एकदा एका बंगल्याचा माळी पिशवीभर बिया घेऊन आला. बॉटल पामच्या आहेत, म्हणाला. बॉटल पामचं खोड बुडाशी बाटलीसारखं फुगलेलं असतं, म्हणून फाटकाजवळ लावायला लोक तो मागतात. माळ्याच्या मोबाईलवर मूळ झाडाचा अंधुक फोटो होता. आक्कांनी तो माझ्यापुढे धरला. फुगीर खोड दिसलं, आणि मी बेधडक सांगितलं, "बॉटल पामच."

चार महिन्यांनी बिया उगवल्या. रोपं वीतभर झाल्यावर आक्कांनी मला बोलावून घेतलं. "सर, बाटलीच्या बाळरोपाचा देठ तांबूस असतो. हितं तर पिवळी रेघ हाय."

"लहानपणी रंग बदलतो," मी म्हणालो. हे मी कुठेही वाचलेलं नव्हतं. माहीत नाही असं म्हणायची सवय नव्हती, एवढंच. सर म्हणतात म्हणून आक्कांनी ते मान्य केलं.

दोन वर्षांत त्यातली थोडी रोपं आसपास विकली गेली. वेल्ह्याच्या एका फार्महाऊसवाल्यांनी रस्त्याच्या दुतर्फा लावायला चाळीस सांगून ठेवली. त्याच सुमारास आक्का काही कामानं त्या बंगल्यावर गेल्या आणि मूळ झाडासमोर उभ्या राहिल्या. तिथूनच त्यांचा फोन आला. "झाड खाली बारीक हाय, मदी फुगलंय, वर परत बारीक. बाटली अशी असती व्हय, सर?"

मी पुस्तक उघडलं. तो स्पिंडल पाम होता. रोपाच्या देठावरची पिवळी रेघ हीच त्याची खूण.

दुसऱ्या दिवशी आम्ही टेम्पोनं वेल्ह्याला निघालो. सोबत दोनच रोपं घेतली होती, एक तांबूस देठाचं आणि एक पिवळ्या रेघेचं. टेम्पोवाला म्हणाला, "आक्का, खोड फुगायला कैक वर्षं जातील. तवर कुणाला कळतंय?"

"मला कळलंय न्हवं," आक्का म्हणाल्या.

फार्महाऊसवाल्यांनी दोन्ही देठ नीट पाहिले. मग विचारलं, "बॉटल पाम आहे, असं तुम्हाला कोणी सांगितलं होतं?"

मी आक्कांच्या शेजारीच उभा होतो.

"म्याच वळखलं," आक्का म्हणाल्या. "चूक माजी हाय."

फार्महाऊसवाल्यांनी रोपं घेतली नाहीत. परतीच्या वाटेवर मी विचारलं, "माझं नाव का नाही सांगितलंत?"

"तुमच्या नावानं झाड बदललं असतं का?" त्या म्हणाल्या. "पोरांना मातर नीट शिकवा."

पुढच्या काही दिवसांत रोपं नेलेल्या प्रत्येकाच्या दारी त्या जाऊन आल्या, कुठे एसटीनं, कुठे पायी. ज्याला हवं त्याला बदलून दिलं. मी वर्गात दोन्ही देठांतला फरक शिकवला. आपण चुकलो होतो हे सांगितलं नाही.

पुढे गुडघे गेले तेव्हा नर्सरी मोडून त्या हिर्डोशीला लेकीकडे राहायला गेल्या. मी दोनदा भेटून आलो. दोन्ही वेळा त्यांनी कॉलेजातल्या मुलांची चौकशी केली. बंगल्याचं नाव त्यांनी काढलं नाही, मीही काढलं नाही.

गेल्या उन्हाळ्यात सारोळ्याच्या एका ढाब्यावर चहाला थांबलो. दारात दोन पाम होते, देठांवर पिवळी रेघ. मी निरखतोय हे पाहून ढाबेवाले जवळ आले. "कापूरहोळच्या आक्कांची झाडं. गेल्या त्या, म्हैना झाला." मला कुणीच कळवलं नव्हतं. ते पुढे सांगत होते, "लई सरळ बाई. चुकीचं झाड दिलं म्हणून सांगायला हितवर आल्या हुत्या. म्या म्हणलं, आक्का, रुजलंय तर ऱ्हाऊ द्या. वळखण्यात माजी चूक झाली, म्हणाल्या."

"त्यांची नव्हती," मी म्हणालो. "त्यांनी बरोबर ओळखलं होतं. चुकीचं मी सांगितलं होतं."

 ढाबेवाले माझ्यासमोरची खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "सांगा."

मी पहिल्यापासून सांगायला लागलो.